ऐनाखालचं गवत

डोंबिवली पश्चिमेला एका देवळाबाहेर सकाळी गाय बांधलेली असते. शेजारी बसलेल्या बाईंपुढे गवताच्या लहान लहान पेंढ्या. लोकलची घाई असलेली माणसंही थांबतात, दहा रुपये देतात, पेंढी गायीपुढे टाकतात, तिच्या पाठीला लावलेला हात कपाळाला नेतात आणि पुलाकडे पळतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. गेल्या भाद्रपदात एका सकाळी घाई नव्हती, म्हणून पेंढी टाकण्याआधी सोडून पाहिली.

आत एकाच जातीचं गवत दोन रूपांत होतं. गिनी गवत. काही काड्या जाडसर, पिवळट, पेरं जवळजवळ, वर तुरे सुटलेले. बाकीच्या गर्द हिरव्या, पानं रुंद आणि पातळ, हाताला ओलसर, तुऱ्याचा पत्ता नाही. दोन्ही जुड्या वेगळ्या करून गायीपुढे ठेवल्या. तिने तोंड घातलं ते रुंद पानांत. तुऱ्याचं गवतही तिने खाल्लं, पण नंतर आणि सावकाश. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तेच झालं. गवत कुठून येतं म्हणून विचारलं तर बाईंनी कोपरच्या दिशेने हात केला.

कोपर म्हणजे डोंबिवली आणि दिव्याच्या मधलं स्टेशन. खाली मुंबई-कल्याणची मार्गिका, वरून दिवा-वसईची. वरच्या फलाटावर उभं राहिलं की एका बाजूला इमारतींची रांग आणि दुसऱ्या बाजूला उल्हास नदीच्या खाडीकडे उतरत गेलेलं खाजण दिसतं. खाडीच्या कडेला तिवरं, त्यांच्या अलीकडे भराव, आणि भरावावर जिथे जिथे माणसाने अजून काही बांधलेलं नाही तिथे गवत. रस्त्याकडेच्या जुन्या पर्जन्यवृक्षांखाली ते कमरेएवढं वाढतं. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आपण त्याला विलायती शिरीष म्हणतो. संध्याकाळी आणि ढगाळ हवेत त्याची पानं मिटतात, पावसाची सर सरळ जमिनीवर येते, आणि मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र मुरतं. त्याच्या शेंगांतला गोड चिकट गरही गुरं आवडीने खातात. गवताला सावली द्यायची म्हणून झाड निवडायचं झालं, तर इतकं सोयीचं झाड शोधून सापडायचं नाही.

तिथे मी दोन ठोंबं शेजारी शेजारी पाहिली. एक फांद्यांच्या टोकाखालच्या धारेवर, दुसरं तिथून दहा पावलांवर उघड्यात. उघड्यावरच्या ठोंबाला इतके फुटवे होते की मोजताना बोटं अडकत होती. सावलीतल्या ठोंबाला त्याच्या निम्म्याहून कमी, पण पानं हातभर लांब आणि दोन बोटं रुंद. सकाळचे अकरा वाजले तरी सावलीतल्या पानांवर दव होतं. उघड्यावरच्या मुठीत वजन भरत होतं, सावलीतल्या मुठीत पान भरत होतं. झाडाखाली चारा लावावा की मोकळ्या रानात, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोन ठोंबांतच आहे. उरलेलं निम्मं मात्र कोपरपासून वर मुरबाड-शहापूरच्या वरकस जमिनींवर शोधावं लागतं, आणि ते शोधताना दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी उन्हाचा हिशोब. वनस्पती सूर्यप्रकाश पकडण्याच्या दोन मुख्य रीती वापरतात. भात, गहू, ओट, बरसीम आणि जवळजवळ सगळी द्विदल पिकं एका रीतीची. भर दुपारच्या उन्हाच्या साधारण निम्म्यावर आलं की त्यांच्या एकेका पानाची भूक भागते, त्यापुढचं ऊन त्या पानाला फारसं वापरता येत नाही. ऊस, मका, ज्वारी, आणि आपल्याकडची मारवेल, पवन्या, कुसळी, नेपिअर, गिनी ही गवतं दुसऱ्या रीतीची. यांची भूक पूर्ण उन्हातही भागलेली नसते. जितकं ऊन, तितकी वाढ. म्हणून सावलीचा फटका आपल्या गवतांना जास्त बसतो. झाडाखालीही चारा तेवढाच येतो, असं परदेशातलं कुणी सांगू लागलं तर तो कुठल्या गवताबद्दल बोलतोय हे आधी पाहावं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात कुंड्यांमध्ये गवतं लावून त्यांवर सावलीचं कापड धरून पाहिलं. थंड हवामानातली काही गवतं निम्म्या उन्हातही जवळपास तेवढीच वाढली. उष्ण हवामानातल्या गवतांचं वजन मात्र उतरलं. आपली गवतं या दुसऱ्या गटातली, आणि आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर. ज्या चार महिन्यांत गवत वाढतं त्याच चार महिन्यांत कोकणावर ढग असतात. आधीच अर्धं झालेलं ऊन झाडाने आणखी अर्धं केलं तर खाली उरणार काय?

पण वजन म्हणजे सगळा चारा नव्हे. सावलीत गवत तुऱ्यावर उशिरा येतं, म्हणून कोवळं जास्त दिवस राहतं. त्याच्या पानांत नत्र, म्हणजे प्रथिनाचा अंश, बहुधा जास्त असतो. साखर मात्र कमी. जमीन हलकी आणि नत्राला गरीब असेल तर झाडाखालची ओल आणि पाचोळा कुजवणारे जिवाणू मिळून गवताला इतकं नत्र पुरवतात की सावलीचं नुकसान बरंचसं भरून निघतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कुरणांवर हे नीट तपासलं गेलं आहे. आणि पाऊस गेला की बाजी उलटते. कार्तिक-मार्गशीर्षात उघडं रान पिवळं पडतं तेव्हा झाडाखालचा पट्टा अजून हिरवा असतो. गाभण गायीला किंवा नुकत्या व्यायलेल्या म्हशीला त्या दिवसांत मिळालेला हिरवा भारा आषाढातल्या चार भाऱ्यांच्या तोलाचा.

आता जुन्या ठाणे जिल्ह्याच्या गवताची गोष्ट. हा जिल्हा गवताचा होता, हे आज कुणाला सांगूनही पटत नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला पोचली. त्यानंतर मुंबई वाढत गेली ती घोड्यांच्या आणि बैलांच्या पाठीवर. १८७४ मध्ये मुंबईत ट्राम आली तीही घोड्यांची. कंपनीकडे नऊशे घोडे होते असं सांगतात. दिवसाला घोड्यामागे नुसतं आठ किलो वाळलेलं गवत धरलं तरी एकट्या ट्रामला रोज सात टनांच्या वर गवत लागणार. त्याखेरीज बग्ग्या, व्हिक्टोरिया, फौजेचे घोडे, गाडीचे बैल, आणि शहरभर पसरलेले म्हशींचे तबेले. हे गवत वसई, भिवंडी, कल्याण, शहापूर, वाड्याकडून होड्यांतून आणि रेल्वेच्या वाघिणींतून मुंबईला जायचं. दसरा झाला की कापणी, दोन-तीन दिवस उन्हात वाळवण, मग भारे बांधून वखारीत, तिथे दाबून गासड्या, आणि गासड्या गाडीत. १९०७ मध्ये मुंबईची ट्राम विजेवर गेली, घोडे गेले, पण तबेले राहिले आणि वाढले. गवताच्या वखारी पुढची कित्येक दशकं चालल्या, काही अजून चालतात.

या व्यापाराला उघडंच रान लागतं. सावलीतलं गवत वाळत नाही. दव उशिरा उठतं, भारा आतून ओला राहतो, काळा पडतो, बुरशी धरतो. अशा गवताची गासडी वखारीत कुणी घेत नाही. शिवाय कापणाऱ्याचा विळा झाडाच्या बुंध्याशी अडतो. म्हणून ज्याला विकायचं होतं त्या सावकार-जमीनदाराने आपल्या कुरणांतली झाडं उतरवली आणि सलग मोकळी कुरणं केली.

आणि कापणारे हात कुणाचे होते, हे विसरून गवतावर लिहिता येणार नाही. जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेची परिषद टिटवाळ्याला झाली, कोपरहून लोकलने तासाभराच्या आत जिथे पोचता येतं तिथे. उंबरगाव-डहाणू भागातले वारली तिथे आले होते. त्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, आणि त्या वर्षीच्या गवतकापणीत मागणी केली ती पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरीची. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा लढा सांगितला आहे. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. विळ्याने वाकून एवढं गवत कापून पाहिलं, म्हणजे अडीच रुपयांची मागणी किती साधी होती ते कळतं. मुंबईच्या दुधाचा इतिहास लिहिताना १९४९ मध्ये उभ्या राहू लागलेल्या आणि तीन हजार एकरांहून मोठ्या आरे कॉलनीचं आणि ती उभारणाऱ्या दारा खुरोडींचं नाव घेतलं जातं, घ्यावंच. त्याच ओळीत तलवाड्याचंही नाव यायला हवं. दूध गवतातून येतं आणि गवत त्या हातांनी कापलं.

विकायचं गवत उघड्या कुरणातलं. मग शेतकऱ्याच्या घरच्या गुरांचं गवत कुठलं? ते वरकसचं. कोकणात भातखाचराला जोडून प्रत्येकाची थोडी वरकस जमीन असे. चढाची, मुरमाड, नाचणी-वरी पिकली तर पिकली. तिच्यावर ऐन, शिवण, पळस, आपटा, आसाणा अशी झाडं, आणि झाडांमध्ये गवत. ही झाडं राबासाठी राखलेली. पौष-माघ-फाल्गुनात कोयत्याने फांद्या उतरवायच्या, भाताची रोपं करायच्या जागेवर, म्हणजे दाढीवर, शेण, फांद्या, पाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि चैत्र-वैशाखात भाजायचं. तणाचं बी जळतं, राख मिळते, रोप जोमाने येतं. ज्यांनी लहानपणी राब भाजलेला पाहिला आहे, त्यांना त्या संध्याकाळच्या धुराचा वास आजही येईल.

ऐन हा त्यातला मुख्य. दरवर्षी छाटलेला ऐन एकदा नीट पाहावा. बुंधा मगरीच्या पाठीसारखा भेगाळलेला, वर जागोजाग गाठी, आणि प्रत्येक गाठीतून नव्या फुटव्यांचा झुपका. झाड उंच होत नाही, पसरत नाही. वैशाखाअखेर कोवळी पानं येतात, पण आषाढ-श्रावणात त्याची छत्री अजून लहानच असते. म्हणजे गवताला ऊन हवं असतं नेमक्या त्या दोन महिन्यांत झाड ऊन अडवत नाही. भादव्यापासून छत्री भरते, आणि पाऊस ओसरल्यावर तीच छत्री खालची ओल धरून ठेवते. राबासाठी चालणारा कोयता गवताची सावली मोजून देत होता. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, माझ्या वाचनात तसं कुठे आलेलंही नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या वरकसवर गुरं चारणाऱ्या माणसाला ते दिसत नसेल, हे मला पटत नाही.

याच कोयत्यावरून एकोणिसाव्या शतकात ठाणे आणि कुलाबा जिल्हे पेटले होते. जंगलखात्याने फांद्या तोडण्यावर बंधनं आणली, वरकसवरच्या झाडांवरही हक्क सांगितला. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. लोकांची गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. खात्याचं म्हणणं, छाटणीने झाडं खुरटतात आणि इमारती लाकूड मिळत नाही. ते खरंच होतं. छाटलेल्या ऐनाचा सरळ सोट मिळत नाही. रयतेचं म्हणणं, आम्हाला सोट नको, पाला हवा. तेही खरं होतं. माझा कौल रयतेच्या बाजूने आहे. एका झाडाकडून लाकूड, राब, पाला आणि गवतापुरतं ऊन, या सगळ्याची वाटणी करता येते, आणि रयत ती करत होती. खात्याच्या वहीत झाडाला एकच रकाना होता.

आज ती वाटणी मोडली आहे. राब बहुतेक ठिकाणी सुटला, रोपं गादीवाफ्यावर खत घालून होतात, आणि धूर कमी झाला हे चांगलंच झालं. पण कोयता थांबला तशी वरकसची दोन टोकं झाली. कुठे झाडं न छाटता दाटली आणि खालचं गवत जाऊन रानमोडीचं तण माजलं. कुठे जमीन विकली गेली, झाडं गेली, प्लॉटच्या खुणांचे दगड आले. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या गावांत गुरं राखणाऱ्यांना आता भाताची पावली विकत आणावी लागते. आणि पाचशे किलोच्या म्हशीला दिवसाला बारा-तेरा किलो कोरडा अंश लागतो. वर्षाचा तो साडेचार टनांच्या आसपास जातो. एक म्हैस, साडेचार टन. गोठ्यात दहा म्हशी असणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

मग आज काय लावायचं? जिथे पाणी आहे आणि जमीन उघडी आहे तिथे संकरित नेपिअर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले जयवंत' घ्या, दोन डोळ्यांच्या कांड्या लावा. नीट खत-पाणी दिलं तर वर्षाला हेक्टरी शंभर टनांच्या पुढे हिरवा चारा येतो. नेपिअर झाडाखाली मात्र लावू नये. उन्हासाठी ताणून उंच होतो, काडी बारीक राहते, पहिल्या वादळी पावसात आडवा पडतो. बांधावर आणि हलक्या उघड्या माळावर मारवेल. पाण्याखाली राहणाऱ्या, सांडपाण्याच्या जागी पॅरा गवत, आरेच्या म्हशी त्यावर पोसल्या गेल्या, पण त्यालाही ऊन हवं. झाडाखाली गिनी. आपल्याला सहज मिळणाऱ्या गवतांत सावली सगळ्यात बरी सोसतं ते हेच. पावसाच्या सुरुवातीला ठोंबं लावायची, दोन-अडीच महिन्यांनी पहिली कापणी. उघड्यावर चार बोटं ठेवून कापलं तरी चालतं. सावलीत वीतभर खोडवं ठेवायलाच हवं, कारण तिथे फुटवे कमी असतात, मुळांत साठा कमी असतो, आणि खरडून कापलेलं ठोंब पुन्हा उठत नाही. झाडाखालचं गवत नासतं ते सावलीने कमी आणि हावरेपणाने कापल्याने जास्त.

फळबागांतही झाड आणि गवत यांची अशी सांगड घालता येते. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातली किती तरी वरकस आंबा-काजूखाली गेली. दहा मीटरवर आंबा लावला तर हेक्टरी शंभर झाडं, आणि पहिली आठ-दहा वर्षं दोन कलमांमधली जमीन जवळजवळ उघडीच. तिथे गवत आपोआप येतं आणि बहुतेक जण ते नोव्हेंबरात कापून बांधाला टाकतात, किंवा उभंच वाळू देतात. फेब्रुवारीत वणवा येतो तो त्याच गवतावरून. आळ्यापासून हात-दीड हात सोडून मधे गिनी आणि स्टायलोचा द्विदल चारा लावला, वेळेवर कापला, तर बागेत आगीला धरायला काही उरत नाही आणि गोठ्यात चारा पडतो. बाग मोठी होऊन छत्र्या मिळाल्या की गवताची अपेक्षा सोडावी. तेव्हा जमीन आंब्याची.

सुबाभळीचा अनुभवही जमेला धरावा. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला 'बाएफ' ही संस्था सुरू केली आणि पुढे सुबाभूळ महाराष्ट्रात घरोघर पोचवली. तिचा पाला प्रथिनाने भरलेला, पण त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं तर जनावराचे केस गळतात. एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्याहून अधिक नको. तिचीही खरी किल्ली ऐनासारखीच, ती छाटून गुडघ्या-कमरेएवढी ठेवली तर शेजारचं गवत जगतं, वाढू दिली तर दाट रान होतं आणि खाली काही उगवत नाही.

श्रावणात मी पुन्हा कोपरच्या त्या झाडाशी गेलो. त्याच्या एका बाजूच्या फांद्या तारांना लागतात म्हणून पावसाआधी कुणी तरी छाटल्या होत्या. त्या बाजूचं गवत दाट होतं, छातीला लागत होतं, आणि तरी पान रुंद आणि मऊ. न छाटलेल्या बाजूला गुडघ्यापर्यंत, विरळ. एकच झाड, एकच जमीन, एकच पाऊस.

तुमच्या नावावर मुरबाडला, शहापूरला, वाड्याला वडिलोपार्जित वरकसचा तुकडा असेल, तर तो विकण्याआधी एक पावसाळा तिथे जाऊन या. ऐन उभे असतील तर गावातल्या जाणत्या माणसाला विचारून आणि वनखात्याचे नियम पाहून माघात त्यांच्या फांद्या उतरवा. मृगानंतर त्यांच्याखाली गिनीची शंभर ठोंबं लावा, आणि उघडा चढ मारवेलीला सोडा. आणि तुम्ही सोसायटीत राहत असाल, तर आवारातल्या झाडांखालचं कापलेलं गवत, त्यावर औषध फवारलेलं नसेल तर, कचऱ्याच्या गाडीत देऊ नका. कल्याणात, भिवंडीत, ठाण्यात अजून तबेले आहेत. त्यांना निरोप द्या, गवत घ्यायला माणूस येतो.